लवकर आलेलं जहाज

खवलेल्या नारळाची पाकिटं फ्रीझरच्या अगदी तळाशी होती. यशोधननं काचेचं दार उघडून कोपरापर्यंत हात आत घातला होता आणि मटारची, भेंडीची, तयार पराठ्यांची पाकिटं बाजूला सारत होता, तेवढ्यात कोटाच्या खिशात फोन थरथरला. त्यानं तो डाव्या हातानं काढला. जहाजाच्या कंपनीकडून येणारा, कुणा माणसानं न लिहिलेला, नेहमीचा निरोप होता. न्यूअर्कच्या धक्क्याला लागण्याची तारीख बदलली आहे. तारखा बदलतच असत. गेल्या दोन वर्षांत एकही जहाज सांगितल्या दिवशी आलं नव्हतं, आणि तारीख बदलली म्हणजे ती पुढे गेली हे गृहीतच धरायचं, अशी सवय झाली होती. म्हणून त्यानं आधी ते नीट वाचलंच नाही. फोन खिशात टाकता टाकता त्याला महिना दिसला. जिथे जानेवारी असायला हवा होता तिथे डिसेंबर होता. जहाज नाताळच्या आत येणार होतं.

उजवा हात अजून आतच होता. बोटांची टोकं बधिर होत चालली होती आणि नारळाचं पाकीट हाताला लागलेलं असूनही ते उचलावं हे त्याला सुचेना. पेटीच्या मागे कंप्रेसर घरघरत सुरू झाला. यशोधनला हा आवाज चाळीस वर्षं ओळखीचा होता. नळ्यांमधून गॅस फिरतो, आतली ऊब उचलून बाहेर टाकतो, पुन्हा आत जातो. बिचारा गॅस इमानेइतबारे काम करत असतो. तो नळीत असेपर्यंत कुणाचं काही बिघडवत नाही. नळीबाहेर निसटला की मात्र आभाळात जाऊन बसतो आणि पृथ्वी तापवतो. "एक्सक्यूज मी, अंकल," मागून एक मुलगी म्हणाली. तिला पराठे हवे होते. यशोधन बाजूला झाला, आणि नारळ न घेताच दुकानाबाहेर आला.

दुसऱ्या कुठल्याही धंद्यात माल लवकर आला तर माणसं पेढे वाटतील. यशोधनचा धंदा हाच गॅस परदेशातून आणून विकण्याचा, आणि त्यात तशी सोय नव्हती. देशात हा गॅस दरवर्षी किती बनवायचा आणि किती आणायचा हे वॉशिंग्टनचं ऑफिस ठरवतं, त्याचे वाटे पाडतं आणि कंपन्यांना देतं. त्या वाट्याला अलाउन्स म्हणतात. ज्यानं पूर्वी जितका गॅस आणला असेल त्या मानानं त्याला वाटा. म्हणजे सगळा पूर्वपुण्याईचा मामला. मूळ ढीग दर काही वर्षांनी लहान करत न्यायचा, हा त्यातला हेतू, आणि तो यशोधनला मनापासून पटलेला होता. पण नियम असे की ह्या वर्षीचा वाटा ह्याच वर्षी संपवायचा, उरला तर एकतीस डिसेंबरला तो गेला. आणि पुढच्या वर्षीच्या वाट्याला एक जानेवारीच्या आत हात लावायचा नाही. जहाज ज्या दिवशी धक्क्याला लागेल तो दिवस आयातीचा. कंपनीचा ह्या वर्षीचा वाटा शरद ऋतूतच संपला होता. भारतातून निघालेल्या त्या दोन टाक्या यशोधननं नव्या वर्षाच्या हिशेबानं मागवल्या होत्या. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे सगळी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येतात म्हणून त्यानं वळशाचे दिवस धरले, वर विलंबाचे दिवस धरले, आणि नेहमीप्रमाणे माल थोडा आधीच काढायला सांगितला. हे एकच जहाज जुन्या, जवळच्या वाटेनं सुएझमधून सुळकन निघून आलं. आता ते नाताळच्या आत धक्क्याला लागणार, आणि त्या दिवशी यशोधनच्या कंपनीकडे त्या गॅसपुरता एक कणही वाटा नसणार. दोन टाक्यांसाठी एवढं मोठं जहाज समुद्रात कोण उभं करणार? वाट्यावाचून गॅस आणला की ऑफिस दंड म्हणून पुढच्या वर्षीचा वाटा कापतं. कंपनी लहान. तेवढं कापल्यावर तिच्यात काही उरलं नसतं.

गाडीत बसून त्यानं मालकाला, डॅनीला, फोन केला. डॅनीच्या आजोबांनी ही कंपनी बर्फाच्या लाद्या विकून उभी केली होती, आणि डॅनीला आजोबांचा शांतपणा मिळाला होता. "हाउ अर्ली?" एवढंच त्यानं विचारलं. तारीख ऐकून फोन ठेवला. संध्याकाळी त्याचा उलट फोन आला. त्यानं ओळखीच्या सगळ्यांकडे विचारून झालं होतं. वर्षअखेरीस कुणाकडेच वाटा शिल्लक नव्हता. टेक्सासच्या एका बड्या कंपनीकडे होता, पण त्यांना बदल्यात डॅनीची कंपनीच हवी होती. ते ती घेतील आणि न्यू जर्सीचं गोदाम बंद करतील, हे त्यांनी लपवलंही नाही. गोदामातल्या तीसेक माणसांपैकी निम्म्यांना यशोधननं स्वतः कामावर घेतलं होतं. डॅनी चिडला नाही, ओरडला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं असं यशोधनला वाटलं. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "यॅश, तुझा तो मिशिगनचा मित्र आहे ना? जुन्या गाड्यांतला गॅस काढून साफ करणारा? त्यालाही वाटा मिळतो. हॅव यू आस्क्ड हिम?"

विचारलं नव्हतं. राजारामचं नाव त्याला फ्रीझरपाशीच आठवलं होतं, अगदी पहिलं, आणि त्यानं ते बधिर बोटांसकट कोटाच्या खिशात घातलं होतं.

राजाराम आणि यशोधन मिशिगनला एकाच प्रयोगशाळेत शिकले. एक नागपूरचा, एक साताऱ्याचा. तेव्हा आभाळाला भोक पडल्याची बातमी ताजी होती. गाड्यांच्या एसीत जो जुना गॅस असे तो ओझोन खात होता, आणि त्याच्या जागी नवा, निरुपद्रवी गॅस आणायची जगभर घाई चालली होती. हे दोघं त्या घाईतले अगदी धाकटे शिलेदार. नव्या गॅसबरोबर कुठलं तेल चालतं, कुठलं रबर फुगतं, एवढंच पाहायचे. पण रात्री जेवताना रुबाब असा की आभाळ यांनीच शिवून काढलंय. जेवण राजारामच्या घरी. त्याचं लग्न झालेलं होतं. "वहिनी म्हणू नकोस, मी तुझ्याहून लहान आहे," शरयूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. यशोधनला सगळीकडे वेळेआधी पोचायची खोड. सातला बोलावलं की तो सहाला दारात हजर. शरयू ओले हात पुसत दार उघडायची, त्याच्याकडे बघायची आणि लसणाची वाटी पुढे करायची. "आलायस ना आधी, मग सोल." तो छोट्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून लसूण सोलायचा आणि ती फोडणी देता देता त्याची टर उडवायची. राजाराम जेवायला बसला की कागदाच्या ताटलीबाहेर, थेट फॉर्मायकाच्या टेबलावर, भाताची चार शितं ठेवायचा. चित्राहुती. वडिलांची सवय, म्हणायचा, घातल्याशिवाय घास उतरत नाही. शरयू टेबल पुसताना म्हणायची, "तुमच्या देवाला निदान पेपर टॉवेल तरी घाला." पुढे ज्या गॅसनं आभाळ वाचवलं तोच पृथ्वी तापवतोय हे निघालं, तेव्हा तिनं न्यू जर्सीला फोन करून पहिलं वाक्य काय बोलावं? "काय रे, छप्पर शिवता शिवता घराला चूल लावलीत की तुम्ही!" आणि खदाखदा हसली. त्या दिवशी यशोधन फार खचलेला होता. आयुष्यभर केलेलं काम पुसून टाकायचं, अशी काहीतरी भावना होती. तिच्या हसण्यानं ती निघून गेली. मग ज्यानं हा गॅस आणला त्यानंच तो हळूहळू कमी करत न्यावा, यात त्याला एक प्रकारची शांतता वाटू लागली, आणि ह्या वाट्यांच्या कामात तो रमला.

भांडण कधीच झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. नोकऱ्या लागल्या, मुलं झाली, फोन आठवड्याचे महिन्याचे झाले, मग दिवाळीचे. गेल्या खेपेला मी केला होता, आता त्याची पाळी, असं दोघांनीही कधीतरी मनात धरलं असावं. आणि मग शरयू गेली. पोटाचं दुखणं निघालं आणि पानं गळायच्या आत सगळं संपलं. बातमी कळली त्याच दिवशी यशोधननं तिकीट काढलं. वादळामुळे विमान रद्द झालं. पुढच्या आठवड्यात गोदामाची तपासणी होती. मग म्हटलं महिन्याच्या आत जाऊ, मग म्हटलं वर्षश्राद्धाला जाऊ. त्यानं फोनवर निरोप लिहायला घेतला तेव्हा मराठीत एक ओळ सुचेना. सुचली ती खोटी वाटे. शेवटी त्यानं इंग्रजीत लिहिलं, चारचौघं लिहितात तसं. राजारामनं जोडलेले हात पाठवले. आता दोन वर्षं दोघं एकमेकांना दिवाळीला पणत्यांची चित्रं पाठवत होते.

घरी बायकोनं, यामिनीनं, नारळ कुठाय म्हणून विचारलं तेव्हा त्यानं जहाजापासून सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. ऐकून घेऊन म्हणाली, "मग फोन कर ना राजाभाऊंना. सिंपल आहे."

"सिंपल? समाचाराला गेलो नाही मी. शरयू गेल्यावर आज पहिल्यांदा बोलणार आणि म्हणणार काय, तर तुझे अलाउन्स शिल्लक आहेत का?"

"आधी तिच्याबद्दल बोल. मग हे विचार."

"म्हणजे तिचं मरण प्रस्तावनेला वापरू?"

यामिनी थांबली. पिठाचे हात तसेच धरून तिनं त्याच्याकडे पाहिलं. "मग प्रत्यक्ष जा. समाचार काय फोनवर करतात?"

"आत्ता गेलो तर त्याला काय वाटेल? कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी."

"वाटेल ते वाटेल, यश. ते ऐकायला तरी जा."

त्यानं झोपायच्या आधी राजारामला लिहिलं, उद्या सकाळी अकराला तुझ्याकडे येतो, आहेस का? ते वाक्य त्यानं पुनःपुन्हा वाचलं. त्यात कारण नव्हतं, हे त्याला बरंही वाटलं आणि भामटेपणाचंही. उत्तर लगेच आलं. "आहे. ये." त्या 'ये'मध्ये काय आहे हे तो पांघरुणात शिरल्यावरही चाचपत राहिला. राग असता तर राजारामनं 'ये' लिहिलंच नसतं. पण राग नसता तर त्यानं आणखी एखादा शब्द लिहिला असता.

विमानात त्यानं ठरवून टाकलं की वाट्याचं नावच काढायचं नाही. समाचाराला माणूस रिकाम्या हातानं जातो. तिथे मिठाई नेत नाहीत, घरचे चहाचा आग्रह करत नाहीत, आणि निघताना 'येतो' म्हणायचं नाही. गेलेल्या माणसाच्या घरी पुन्हा अशा कारणानं येणं नको, म्हणून नुसतं उठून चालू लागायचं. हे सगळं त्याला आईनं शिकवलं होतं आणि ते त्यानं आयुष्यात नीट पाळलं होतं. आपण तसंच करू. कंपनीचं जे होईल ते होईल. हे ठरवल्यावर त्याला क्षणभर फार हलकं वाटलं, आणि लगेच गोदामातली माणसं दिसली. फोर्कलिफ्ट चालवणारा कार्लोस, ज्याच्या मुलीचं कॉलेजचं हे पहिलं वर्ष. स्वतःच्या मनाला सोवळं ठेवायला आपण कार्लोसची नोकरी घालवायला निघालो, हा कुठला चांगुलपणा? मग त्यानं उलट ठरवलं, की आधी सरळ कामाचंच बोलायचं, व्यवहार म्हणून; शरयूचा विषय त्यात मिसळायचाच नाही. तेही त्यानं लगेच खोडलं. खिडकीखाली एरी सरोवर पसरलं होतं, काठाकाठानं पांढरं. त्याच्या डोक्यावरच्या भोकातून थंड हवा येत होती. ती त्यानं बंद केली. दोन्हीपैकी कुठलंही आधी बोललं की दुसरं नासत होतं. डेट्रॉइटला उतरेपर्यंत ह्यापलीकडे तो गेला नाही.

भाड्याची गाडी घेऊन तो नोव्हायला, राजारामच्या गावाला, पोचला तेव्हा दहासुद्धा वाजले नव्हते. रस्ता मोकळा निघाला. तो राजारामच्या घरापासून चार घरं अलीकडे, बर्फाच्या ढिगाशेजारी गाडी उभी करून बसला. घर तेच होतं. गॅरेजच्या दारावरचा रंग नवा होता. आपण काय चेहरा करायचा ह्याचा तो विचार करू लागला आणि आरशात बघून शरमला. काचा धुक्यानं भरल्या. तेवढ्यात कुणीतरी काचेवर टकटक केलं. त्यानं दचकून काच खाली केली. पायजम्यावर जाड जॅकेट, पायात बर्फाचे बूट, डोक्यावर माकडटोपी, असा राजाराम उभा होता. खूप वाळला होता. दाढी पांढरी झाली होती.

"आत ये," तो म्हणाला. "तासभर आधी येऊन बाहेर बसणारा माणूस जगात एकच आहे, हे मला खिडकीतनं कळलं."

घरात हिंगाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. दारातल्या चपलांच्या रॅकवर बायकी चपलांचा एकच जोड होता, तो यशोधननं पाहिला आणि बूट लांब काढून ठेवले. दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीत शरयूची झाडं थंडीसाठी आत आणून मांडली होती, गवती चहा, तुळस, आणि छताला टेकायला आलेला कढीपत्ता. भिंतीवर फोटो होता. हार घातलेला नव्हता. फोटोतही ती कुणाची तरी टर उडवण्याच्या बेतात दिसत होती.

"चहा टाकू?" राजारामनं विचारलं.

हो म्हटलं तर ही भेट झाली, नाही म्हटलं तर समाचार. यशोधन मध्येच अडकला. "नको. म्हणजे, चालेल." राजारामनं मान हलवली, पण स्वयंपाकघरात गेला नाही. दोघं समोरासमोर बसले. खाली तळघरात हीटर घरघरत होता. ठरवलेली सगळी वाक्यं यशोधनच्या तोंडाशी येऊन परत फिरत होती.

"शरयूचं कळलं तेव्हा," त्यानं सुरू केलं, "मी तिकीट काढलं होतं, राजा. पण..."

"दोन वर्षं झाली, यशा." आवाजात राग नव्हता. बाहेर किती अंश आहे हे सांगावं तसं त्यानं ते सांगितलं. "तू सगळीकडे आधी पोचलास आयुष्यभर. इथेच तेवढा उशीर."

यशोधननं खाली पाहिलं. गालिच्यावर कढीपत्त्याचं एक पिवळं पान पडलं होतं. ते त्यानं उचललं आणि बोटांत धरलं. मग त्याला एकदम वाटलं की आता जे काही आहे ते सगळंच बोलून टाकावं, क्रम गेला खड्ड्यात. "मी दोन कामांसाठी आलोय," तो म्हणाला. "एक दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. दुसरं सांगितलं की पहिलं खोटं वाटेल, म्हणून दुसरं सांगायचंच नाही असं ठरवून विमानात बसलो. पण ते पोटात ठेवून तुझ्यासमोर बसलो तर तेही खोटंच. मला कळत नाही राजा, कसं बोलू. मला तिची फार आठवण येते. हे खरं आहे. आणि माझं कामही आहे, हेही खरं आहे."

राजारामनं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "जहाज लवकर आलं ना?"

"तुला कसं..."

"अरे, डिसेंबरात ह्या धंद्यातला माणूस न्यू जर्सीहून मिशिगनला काय बर्फ बघायला येतो? आणि सुएझमधनं जहाजं निघायला लागली हे मीही वाचतो. तुझा मेसेज बघितला आणि म्हटलं, ह्यानं आफ्रिकेचा वळसा धरून वर आपली आधी पोचायची खोडही चढवली असणार." तो हसायला लागला. त्याचं हसू सुरू झालं आणि मध्येच कुठेतरी चिरकलं. त्यानं खिडकीकडे तोंड वळवलं. "हॉस्पिटलमधनं घरी आणल्यावर तिची कॉट इथेच टाकली होती. झाडांपाशी. दिवसभर तिचं लक्ष दाराकडे. कोण कोण आलं बघायची. एकदा म्हणाली, यशाला काहीतरी काम निघायला पाहिजे. काम असलं की तो धावत येतो, तासभर आधी येतो. नुसतं ये म्हटलं की त्याला यायला जमत नाही. मग तिनं हात जोडले. थट्टेनंच हं, तिचा कुठे देवावर विश्वास. म्हणाली, देवा, त्याला काहीतरी काम निघू दे."

यशोधनला काही दिसेना. तो रडत होता हे त्याला नंतर कळलं, हातातलं पान ओलं झालं तेव्हा. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत येऊन जे करायचं ते त्यानं आत्ता केलं, तोंड झाकून, आवाज करून, लहान मुलासारखं. राजारामनं त्याला थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. तो शेजारी येऊन बसला फक्त, खांद्याला खांदा लावून, पूर्वी बसच्या बाकावर बसायचे तसा.

"निघालं बघ काम," बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "जरा उशिरा निघालं. किती लागतील?"

यशोधननं सांगितलं. राजारामनं जेवणाच्या टेबलावरचा लॅपटॉप उघडला. ह्या वर्षी त्यानं बाहेरून काहीच मागवलं नव्हतं. जुन्या गाड्यांतला काढलेला गॅस साफ करून विकण्यापुरतंच काम ठेवलं होतं. त्याला वाटा लागत नाही. सकाळी उठून जायला काहीतरी हवं म्हणून, तो म्हणाला. मागच्या पुण्याईचा वाटा मात्र सरकारकडून न चुकता येत होता आणि तसाच पडून होता. एकतीस तारखेला तो गेला असता. "टेक्सासवाल्यांनी मागितला होता माझ्याकडे," टाइप करता करता तो म्हणाला. "मी म्हटलं राहू दे. का म्हटलं ते मलाही माहीत नाही." वॉशिंग्टनच्या ऑफिसची मंजुरी यायला आठवडाभर जाणार होता, म्हणजे जहाज धक्क्याला लागायच्या आत ती आली असती. यशोधननं घसा साफ करून आठवण करून दिली की एकानं दुसऱ्याला वाटा दिला की त्यातले पाच टक्के सरकार कापून कायमचे रद्द करतं, तेवढे जास्त टाकावे लागतील. "माहीत आहे," राजाराम म्हणाला, "मला शिकवू नकोस." त्यानं शेवटची कळ दाबली, चष्मा काढला, आणि आत जाऊन लसणाची वाटी आणून यशोधनच्या पुढ्यात ठेवली. "आलायस ना आधी. सोल."

वरणाला फोडणी राजारामनंच दिली. लसूण थोडा जळला. डॅनीला यशोधननं एक ओळ लिहून पाठवली आणि फोन उलटा ठेवला. जेवायला बसल्यावर राजारामनं सवयीनं ताटाबाहेर टेबलावर भाताची चार शितं ठेवली. यशोधन त्यांच्याकडे बघत राहिला. कुणीच न खाण्यासाठी बाजूला काढलेला घास. देणाऱ्याचा नाही, घेणाऱ्याचा नाही, आणि तो काढल्याशिवाय जेवण सुरू होत नाही. "हे आमचे पाच टक्के," राजाराम म्हणाला आणि शितांखाली त्यानं पेपर टॉवेलची घडी सरकवली. मग दोघंही जेवले. यशोधननं भात दोनदा घेतला.

परतीचं विमान संध्याकाळचं होतं आणि यशोधन अर्थातच दुपारीच निघाला. दाराशी बसून त्यानं बूट चढवले. शरयूच्या चपलांवर त्याचा हात हलकेच टेकला. मुद्दाम टेकवला की चुकून, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मग तो उठला. आईनं शिकवलं होतं तसं त्यानं काही न बोलता मान खाली घातली, दार उघडलं आणि बाहेर पाऊल टाकलं. गार हवा तोंडावर आली.

"यशा," मागून राजाराम म्हणाला. तो पायमोजे घालून उंबऱ्यावर उभा होता, एक हात दाराच्या कडेला धरून. "समाचार सकाळीच झाला. आता तू जेवून चाललायस. येतो म्हण."

यशोधननं चेहऱ्यावरून हात फिरवला. बोटांना लसणाचा वास येत होता.

"येतो," तो म्हणाला.

"कधी?"

"काम नसताना."